मामांनी जपलेल्या चिठ्ठ्या

माझ्यावर ज्यांचं ऋण आहे त्यांत प्राध्यापक आहेत, ग्रंथपाल आहेत, घरची माणसं तर आहेतच. पण भूशास्त्रात मी जे काही थोडंबहुत केलं, त्याचा विचार करताना सगळ्यांच्या आधी आठवतात ते आमच्या विभागातले प्रयोगशाळा परिचर. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. शिक्षण सातवीपर्यंत, गाव गोदावरीकाठचं. जमिनीत गाडल्या गेलेल्या एका हत्तीच्या नावाचा पावणेदोनशे वर्षांचा प्रवास मी पुढे पुस्तकांतून वाचला, पण आधी तो मला दाखवला मामांनी.

आमच्याकडे गोदावरीच्या गाळात सापडलेली एक दाढ होती. उचलायला दोन्ही हात लागत. एका कडेला नदीची वाळू आणि खडे घट्ट चिकटून दगडच झालेले. मामा ती जुन्या धोतराच्या फडक्यावर ठेवायचे आणि टेबल खिडकीशी ओढायचे. "वरनं नको बघू पोरी, उजेड तिरपा पडू दे." तसा तो पडला की झिजलेल्या पृष्ठभागावर इनॅमलची लांबट वेटोळी एकामागे एक उठून दिसायची, प्रत्येकाचा मधला भाग जरासा फुगलेला. हत्तीची दाढ अशा उभ्या पत्र्यांचीच बनलेली असते. ती जबड्यात मागून पुढे सरकत जाते, पुढून झिजून तुटते आणि तिची जागा मागची दाढ घेते. एका जन्मात असे सहा संच. मधल्या त्या फुगवट्याचा अर्थ लावण्यात मोठमोठ्या माणसांची आयुष्यं गेली आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दाढेच्या खोक्यात चार चिठ्ठ्या होत्या. सगळ्यांत जुनीवर तपकिरी शाईत लिहिलं होतं 'एलिफस नमाडिकस'. हे नाव १८४६ चं, ह्यू फाल्कनर आणि प्रॉबी कॉटली यांनी नर्मदेच्या खोऱ्यातल्या जीवाश्मांना दिलेलं. फाल्कनर कंपनी सरकारचा डॉक्टर, सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक. कॉटली कालव्यांचा इंजिनिअर, गंगेचा कालवा त्यानेच बांधला. शिवालिकच्या टेकड्यांत दोघांनी हाडांचे ढीग गोळा केले, पण ताडून पाहायला जवळ ना संग्रहालय ना पुस्तकं. मग त्यांनी आजूबाजूच्या जिवंत प्राण्यांचे सांगाडे तयार करून घेतले आणि त्यांच्याशी एकेक हाड जुळवत बसले. मला हे फार मोठं वाटतं. शिवालिकातल्या दुसऱ्या एका हत्तीसारख्या प्राण्याला त्यांनी आपल्या गणपतीचं नाव दिलं, स्टेगोडॉन गणेसा. त्यांच्या मोठ्या ग्रंथाच्या चित्रांचे भाग छापून झाले, मजकूर मात्र अपुराच राहिला. १८६५ मध्ये फाल्कनर गेला आणि त्याची टिपणं चार्ल्स मर्चिसनने १८६८ मध्ये प्रसिद्ध केली.

दुसरी चिठ्ठी 'एलिफस अँटिक्वस (नमाडिकस)' अशी. अँटिक्वस हा युरोपातला सरळ सुळ्यांचा हत्ती, त्याचं नावही फाल्कनर-कॉटलींचंच. नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरला गोदावरीच्या गाळात हत्तीचे अवशेष मिळाले, त्यांच्यावर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिल्ग्रिमने १९०५ मध्ये लिहिलं आणि आपल्याकडचा हा हत्ती युरोपातल्या त्या हत्तीशी जोडला. आमच्या विभागातल्या कुणीतरी ते वाचून चिठ्ठी बदलली असणार.

तिसरीवर 'पॅलिओलॉक्सोडॉन'. १९२४ मध्ये जपानच्या हिकोशिचिरो मात्सुमोतोने हे नाव काढलं. दाढेतला तो मधला फुगवटा बघून त्याला आफ्रिकन हत्तीची आठवण झाली, आणि या साऱ्या कुळाला त्याने आफ्रिकन हत्तीच्या, म्हणजे लॉक्सोडोंटाच्या पोटात एक उपप्रजाती म्हणून जागा दिली. पुढे न्यूयॉर्कच्या हेन्री फेअरफिल्ड ऑस्बोर्नने सोंडवाल्या प्राण्यांवर दोन प्रचंड खंड लिहिले. ते १९३६ आणि १९४२ मध्ये निघाले. ऑस्बोर्न १९३५ लाच गेला होता, म्हणजे त्याचंही काम दुसऱ्यांनीच मार्गी लावलं.

चौथी चिठ्ठी टंकलिखित, पुन्हा 'एलिफस'. १९७३ च्या व्हिन्सेंट मॅग्लिओच्या ग्रंथाने हा हत्ती आशियाई हत्तीच्या प्रजातीत परत आणला. युरोपातला आणि आपल्याकडचा हत्ती त्याने एकच मानला आणि नाव ठेवलं जुनं, एलिफस नमाडिकस. त्या वेळच्या एका प्राध्यापकांनी मामांना सांगितलं होतं की आता जुने कागद टाकून द्या. मामांनी ते टाकले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्यानं लिवलं त्यानं बी डोळं फोडूनच लिवलंय. आपन कोन फाडनार?" चिठ्ठ्या त्यांनी मेणकागदात गुंडाळून दाढेखाली ठेवल्या होत्या, तारखेच्या क्रमाने.

संध्याकाळी कॉलेज सुटल्यावरही मला दाढ बघता यावी म्हणून ते किल्ल्या घेऊन थांबायचे. त्यांची शेवटची एसटी चुकायची, मग रात्री विभागातच सतरंजी टाकायचे. मला हे खूप उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्याची परतफेड कशी करायची असते?

२०१७ मध्ये जर्मनीतल्या नॉयमार्क-नॉर्ड इथल्या हाडांमधून डीएनए काढल्याची बातमी आली. तो सरळ सुळ्यांचा हत्ती आशियाई हत्तीपेक्षा आफ्रिकेतल्या घनदाट जंगलात राहणाऱ्या हत्तीच्या जवळचा निघाला. पुढच्याच वर्षीच्या अभ्यासाने चित्र आणखी गुंतागुंतीचं केलं, त्याच्या रक्तात एकाहून जास्त हत्तीकुळांचा वाटा दिसला. पॅलिओलॉक्सोडॉन हे नाव मधल्या काळात बरेच जण पुन्हा वापरू लागलेच होते, आता त्याला चांगलंच बळ मिळालं. मी मामांच्या गावी गेले आणि ओसरीवर बसून त्यांना हे सगळं सांगितलं. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, ऐकू कमी यायचं, मला ओरडून बोलावं लागलं.

"म्हंजी त्या जपानी मानसाचं खरं निघालं?"

"बरंचसं, मामा. दाढेवरून त्याला आफ्रिकेची आठवण झाली, ती उगाच नव्हती."

"आन आपल्या दाढंचं? ती तपासली का?"

मी सांगितलं की तपासलेला हत्ती युरोपातला. आपल्याकडच्या उष्ण मातीत डीएनए टिकणं फार कठीण, त्यामुळे आपल्याकडच्या हत्तीबद्दल बोलताना अजूनही कवट्या आणि दाढाच बघाव्या लागतात.

"मंग पाचवी चिठ्ठी पेन्सिलीनं लिही," मामा म्हणाले.

तशीच लिहिली. पॅलिओलॉक्सोडॉन नमाडिकस, खाली तारीख. त्याखाली आणखी एक ओळ घातली, आधीच्या चारही चिठ्ठ्या कुणी सांभाळल्या त्याची, मामांच्या पूर्ण नावासकट. ती मात्र शाईने.