माहिष्मतीची मागची बाजू

बालमनातील नगरी बांधण्यास दगड लागत नाही की चुना लागत नाही. एखादी गोष्ट मनात भरली की तेथे महाल उभे राहतात, रणशिंगे वाजू लागतात. छत्रपती संभाजीनगरातील एका घरी बहीणभावंडांच्या मनात अशीच एक नगरी वसली होती. तिचे नाव माहिष्मती. दिग्दर्शक एस. एस. राजामौली ह्यांच्या ‘बाहुबली’ चित्रपटाचा पहिला भाग 2015 साली व दुसरा 2017 साली प्रदर्शित झाला. दोन्ही भाग ह्या भावंडांनी दूरचित्रवाणीवर इतक्या वेळा पाहिले होते की, घरातील लाटण्याची तलवार आणि पोळपाटाची ढाल केव्हाच होऊन गेली होती.

बहीण सातवीत असताना तिच्या शाळेची सहल हैदराबादजवळील रामोजी फिल्म सिटी पाहावयास निघाली. 1996 साली सुरू झालेली ही चित्रनगरी 1,666 एकरांवर पसरलेली असून, जगातील सर्वांत मोठे चित्रपटनिर्मिती-संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली आहे. माहिष्मतीचा देखावा तेथेच उभारलेला होता. निघताना आठ वर्षांच्या भावाने बहिणीकडून वचन घेतले, “ताई, राजवाडा कसा आहे ते मला सांग. पण अगदी खरं सांग!”

रात्रीच्या आगगाडीने निघालेली मुले सकाळी हैदराबादेस उतरली. राजवाड्यासमोर येताच ताई भान हरपून पाहतच राहिली. केवढे ते खांब, आणि काय त्यांवरील नक्षी! न राहवून तिने एका खांबावर हळूच टकटक केली. आतून पोकळ आवाज आला. तिने बाजूला होऊन मागे डोकावले, तो मागे ना दालन, ना भिंत. होते केवळ लाकडी सांगाडे आणि लोखंडी टेकू. पडद्यावर आकाशाला भिडणारी शिखरे तर तेथे नव्हतीच; ती संगणकाच्या साहाय्याने चितारलेली होती. धबधब्याचे काही चित्रण दूर केरळात, अतिरप्पिल्ली येथे झालेले होते. ताईचा चेहरा उतरला. हे सारे भावाला सांगावयाचे तरी कसे?

परतीच्या गाडीत गुरुजींनी तिची व्यथा ओळखली. ते म्हणाले, “आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्यांच्या 1917 च्या ‘लंकादहना’त राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके ह्या एकाच नटाने केल्या होत्या. मग त्यांनी प्रेक्षकांना फसवले म्हणावयाचे काय? फसविणारा आपली करणी लपवून पळ काढतो. तुला तर आज मागची बाजूही पाहावयास मिळाली. कलादिग्दर्शक साबू सिरिल आणि त्यांचे कारागीर ह्यांनी लाकडाला दगडाचे रूप कसे दिले असेल, ह्याचा विचार कर.”

घरी भाऊ उंबऱ्यावरच वाट पाहत होता. ताईने वचन पाळले. काहीही न लपविता तिने सर्व सांगितले. त्याचे डोळे भरून आले, आणि थोडे खोटे बोलले असते तर बरे झाले असते, असे तिला क्षणभर वाटून गेले. परंतु काही वेळाने त्यानेच विचारले, “मग दगडासारखा रंग कशाने दिला असेल गं?”

दुसऱ्याच दिवशी पुठ्ठ्याची खोकी आणि कणकेची खळ घेऊन दोघे कामाला लागली. गेरू व राख कालवून त्यांनी दगडाचा रंग तयार केला. भिंती दोनदा कोसळल्या, तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या.

पुढे एका रविवारी सारे कुटुंब वेरूळला गेले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळात, आठव्या शतकात, एकाच डोंगरातून वरून खाली कोरत आणलेले ते कैलास मंदिर! तेथे चुकून उडालेला कपचा पुन्हा बसविता येत नव्हता. भाऊ धावतच मंदिराच्या मागे गेला. तेथेही दगडी हत्ती मंदिराचा भार पेलून उभे होते. त्याने जोत्याच्या दगडावर टकटक केली; बोट दुखले, पण पोकळ आवाज आला नाही. तो म्हणाला, “ताई, हे आतूनसुद्धा खरं आहे. पण हेही कुणीतरी आपल्या हातांनीच केलं ना?”

ज्यांनी ते केले त्या पाथरवटांच्या नावांची यादी मंदिराच्या भिंतीवर कोठे नाही. चित्रपटाच्या शेवटी मात्र सुतार, रंगारी, चित्रकार अशा कितीतरी जणांची नावे भराभर सरकत जातात. ती सुरू होताच बहुतेक लोक उठून जातात. ही भावंडे मात्र आता शेवटचे नाव सरकेपर्यंत जागची हलत नाहीत.