हातातच असतं

लोह्याच्या पुढे पाऊस लागला आणि आमच्या जुन्या गाडीची डावीकडची काच दारात उतरली ती वर येईना. हँडल नुसतंच फिरत होतं. लातूरपर्यंत बेगम खिडकीला ओढणी धरून बसली.

रविवारी दार घरीच खोललं. हँडलच्या मागे एक छोटी तारेची क्लिप असते. फटीत जुनं फडकं घालून दोन्हीकडून ओढलं की ती सुटते. मग दाराचा पुठ्ठा, त्यामागे प्लास्टिकचा कागद. आत काच उचलणारी तार तुटलेली. काच वर ढकलून चिकटपट्टीने चौकटीला चिकटवली, नाहीतर ती बोटांवर येते. नवी मशीन बसवण्याआधी काचेच्या खाचेतली माती काढली. खाच कोरडी, घाण असली की काच अडते, सगळा ताण तारेवर येतो आणि नवी तारही टिकत नाही.

सोमवारी शाळेत एक सहकारी कौतुकानं म्हणाले, "सर, तुमच्या लोकांच्या हातातच असतं हे."

अब्बा गॅरेजमध्ये राबले ते माझ्या हाती पाना येऊ नये म्हणून. बी.एड.ची फी त्याच ग्रीसच्या हातांनी भरली. त्यांच्याही हातात ते आपोआप आलं नव्हतं. लहानपणी उस्तादाच्या शिव्या खात शिकले. हातात असतं तर मला अख्खा रविवार कशाला लागला असता? (मराठीत काच म्हणजे जाचही, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो.)

सरांच्या गाडीची मागची काच अडते म्हणे. म्हटलं, या रविवारी घरी. फडकं मात्र तुम्हीच ओढायचं.