यादी कोणाच्या स्वाधीन?

ज्याचे आयुष्य सरकारी नोकरीत गेले, त्याला नोंदवहीची मातब्बरी सांगावयास नको. मूळ वही कपाटात कुलूपबंद. मागणाऱ्याच्या हाती पडतो तो उतारा. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी हुशार मंडळी मात्र हा जुना शिरस्ता सहज विसरतात.

परप्रांतातील आमच्या खात्यात निवृत्तिवेतनाचे काम जावा भाषेतील प्रोग्रॅमवर चालते. त्यात निवृत्तिवेतनधारकाचा एक क्लास, आणि तसल्या हजारो वस्तू पोटात घेणारी एक साधी यादी. ती कोणीही मागावी व जशीच्या तशी घेऊन जावी! एका रात्री अहवाल छापणाऱ्या भागाने ती मागितली आणि छापण्याच्या सोयीसाठी तीतून कुटुंबनिवृत्तिवेतनाची नावे गाळली. त्याच्या हाती प्रत नव्हती, मूळ यादीच होती. (जावात यादी देणे म्हणजे तिचा पत्ता देणे, हे पाठ्यपुस्तकात आरंभीच असते, पण आरंभीची प्रकरणे वाचतो कोण?) मागाहून त्याच फेरीत, त्याच यादीवरून, वेतनाचा हिशेब झाला. त्या महिन्यात कित्येक विधवांच्या खात्यांत पैसा पडला नाही. पासबुक घेऊन आलेल्या वृद्धेला काय सांगावे? तुमचे नाव छापावयाचे नव्हते, म्हणून तुमची चूल थंड राहिली, असे?

आता यादीभोवती एक स्वतंत्र क्लास आहे. यादी त्याची खाजगी. बाहेरच्याने विचारावे : या क्रमांकाचे कोण? या महिन्यात कोणास देय? नाव घालावयाचे वा काढावयाचे तर त्याच्याच मेथडमार्फत. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर तो नाकारील. जावात केवळ वाचावयाची यादीही देता येते. पण तिच्यातील एकेका वस्तूचे अंग मात्र उघडेच राहते, हे ध्यानात ठेवावे लागते.

आमचा एक तरुण सहकारी म्हणतो, तयार यादीचाच वारसा घेऊन नवा क्लास केला असता तर श्रम वाचले असते. वाचले असते खरे! जावाच्या कर्त्यांनीही तेच केले होते. त्यांचा ‘स्टॅक’ हा ‘व्हेक्टर’चा वारस, म्हणून ज्या चळतीत वरूनच ठेवावे नि वरूनच उचलावे, तिच्या मध्येही खुशाल काही खुपसता येते. १९९८ साली संग्रहांची नवी, विचारपूर्वक केलेली मांडणी आली; पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून तो स्टॅक आजही जागच्या जागी आहे.

थकबाकी पुढल्या महिन्यात चुकती झाली. अहवालवाल्यांना अजून संपूर्ण यादीच हवी असते. आम्ही त्यांना प्रत देतो.