पायाखालचा पत्रा

पद्मिनी गाडीचा सडलेला तळ कापायला अर्धा दिवस पुरतो. कुठपर्यंत कापायचं, यावर मात्र आम्हा डेंटर मंडळींचं कधी एकमत होत नाही. बहुतेक जण भोकाभोवती चांगला पत्रा लागेपर्यंत कापतात, त्या मापाचा तुकडा तोंडाला तोंड भिडवून वेल्ड करतात आणि ग्राइंडर फिरवून जोड गायब करतात. माझं म्हणणं असं, की कापणी पत्र्याच्या मधे थांबवूच नये. ती कारखान्याच्या जोडापर्यंत न्यावी, जुने स्पॉट-वेल्ड ड्रिलनं सोडवावेत आणि नवा पत्रा तिथंच, पत्र्यावर पत्रा चढवून बसवावा. तळाचा पत्रा दाराखालच्या पेटीला जिथं चिकटतो, त्या फटीत शिरलेलं पाणी वाळत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून दोन स्पॉटांच्या मधला पत्रा उशीसारखा फुगतो. हातोडीनं वाजवावं तर वरचा पत्रा खणखणीत बोलतो आणि आतल्याचा भुसा झालेला असतो. हा आवाज मला अजूनही चकवतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून बघितल्याशिवाय मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

यावर पहिला आक्षेप मुंबईच्या टॅक्सीचा. ठिगळावर ठिगळ मारून त्या पद्मिनी वर्षानुवर्षं धावल्याच की! धावल्या खऱ्या. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २००३मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपवून ऑक्टोबर २०२३मध्ये थांबली. पण टॅक्सीच्या डेंटरला ती मुदत ठाऊक होती. गाडी उद्या सकाळी रस्त्यावर हवी, एवढाच त्याचा सौदा होता आणि तो प्रामाणिक होता. तेच ठिगळ डांबराखाली झाकून ‘रिस्टोअर केलेली गाडी’ म्हणून विकणाऱ्यांना तो दाखला लागू होत नाही. जीपचा दाखलाही चालत नाही. जीपला खाली स्वतंत्र चेसिस आहे, तिथं तळ म्हणजे पाय ठेवायची जागा. पद्मिनीत तळ, पेट्या आणि खांब मिळूनच चेसिस होते. म्हणून दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप न ठोकता तळ कापला, तर पेटी केसभर खचते आणि थंड होताना आकसणारं वेल्डिंग तिला त्याच जागी पक्कं करतं. नंतर दार ठोकून-ठोकून बसवणारे पुष्कळ आहेत. दुसरा आक्षेप आपल्या हवेचा. आमच्या मराठवाड्यातल्या उस्मानपुऱ्यात कुठला समुद्र, इथं गंज कसला? पण इथं येणाऱ्या कित्येक गाड्या मुंबईचं मीठ घेऊनच येतात. आणि काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी चटईखालच्या नमद्यात मुरलं, की इथलं ऊनही तिथवर पोचत नाही.

तिसरा आक्षेप अलीकडचा आणि जास्त वजनाचा. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांपुढची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. चेसिस किंवा बॉडीत फेरफार चालत नाही. १९७४पासून पद्मिनी या नावानं निघालेल्या गाड्या आता या वयात आल्या आहेत. मग अख्खा तळ बदलणं हा फेरफार नाही का? माझ्या मते नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात जोड जिथं होता तिथंच ठेवला, तशाच अंतरावर भोकं पाडून त्यांतून वेल्ड केला आणि तळाच्या नाळ्या लाकडी साच्यावर ठोकून तितक्याच खोल उठवल्या, तर रूप मूळचंच राहतं. नाळ्यांविना सपाट पत्रा टाकला, तर गाडी चालताना तो ढोलासारखा घुमतो. मूळ रूप मोडतं ते तिथं, आणि मधोमध नवा जोड आणून तो लपवण्यात.

हे लपवण्याचं वेड मलाही होतं. जोड बोटाला लागता कामा नये, म्हणून मी वेल्ड इतका घासायचो, की कडेचा पत्राच पातळ व्हायचा. त्यात गाडीचं हित काडीचं नव्हतं, दुसऱ्या डेंटरला जोड सापडू नये एवढीच हौस. आता ग्राइंडर धरताना मनगट डगमगतं. म्हणून हा उघड्या जोडाची बाजू घेतो, असं कुणी म्हणेल. म्हणो, निम्मं खरं आहे. पण ज्यांचं मनगट शाबूत आहे, त्यांनीही पेटीतली फट उघडून पाहावी. ही सवय मात्र मोडत चालली आहे. इथल्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१पासून ऑक्टाव्हिया गाड्या तयार व्हायला लागल्यावर आमच्याकडच्या पोरांना अख्खा भाग काढून नवा लावायची सवय लागली. पद्मिनीसाठी तसा तळ फळीवर ठेवलेला मिळत नाही, आणि साच्यावर नाळ्या ठोकायचा धीर आता फार थोड्यांकडे उरला आहे.

पद्मिनी विकत घ्यायला गेलात, तर रंगाकडे नंतर बघा. आधी एका बाजूच्या पेटीखाली जॅक लावून गाडी उचला आणि त्या बाजूचं दार उघडून मिटून पाहा. अडकलं, तर तिथूनच परत या.