ट्रॅक्टर उघडलाच आहे तर

जुन्या ट्रॅक्टरच्या क्लच हाउसिंगखाली एक लहान भोक असतं आणि त्यात स्प्लिट पिन लोंबत असते. आत साचलेलं तेल तिथून गळून जावं आणि पिन हलत राहिल्यानं भोक मातीनं बुजू नये, एवढंच तिचं काम. या भोकातून तेल ठिबकायला लागलं की मालकाच्या डोळ्यांसमोर खर्च उभा राहतो, आणि ते रास्तच आहे. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरचं सील स्वस्तात मिळतं, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. १९१७ च्या फोर्डसनपासून बहुतेक ट्रॅक्टरांना वेगळी चेसिस नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा एकमेकांना बोल्टांनी जोडून त्यांचाच कणा होतो. तो मधोमध सोडवायचा म्हणजे बॉनेट, वायरिंग, डिझेलची नळी, स्टिअरिंगचे दांडे असं सगळं काढायचं आणि दोन्ही अर्ध्या भागांना आधार द्यायचा. जुन्या ट्रॅक्टरांच्या कामात माझं एक मत पक्कं होत गेलं आहे : इथे पैसे सीलला पडत नाहीत, उघडण्याला पडतात. म्हणून काय बदलायचं हे आज काय गळतंय यावर न ठरवता पुन्हा इथवर यायला काय पडेल यावर ठरवावं.

अर्थात आधी गळती कुठली ते कळायला हवं. त्याच भोकातून इंजिनच्या मागच्या सीलचं तेलही येतं. ते बहुधा काळं असतं आणि त्याला जळकट वास येतो. गिअरबॉक्सचं तेल उजळ असतं, आत पाणी गेलं असेल तर दुधाळ. थेंब पांढऱ्या कागदावर घेतला तर निम्मा वाद तिथेच मिटतो. गिअरबॉक्सला ब्रीदर असेल तर तो बुजला आहे का आणि तेल खुणेच्या वर तर भरलेलं नाही, हेही आधीच पाहावं. आत दाब साठत असेल तर नवं सीलही फार दिवस टिकणार नाही.

माझं म्हणणं सगळ्यात स्पष्ट दिसतं ते मॅसी फर्ग्युसन ३५ आणि १३५ या घराण्याच्या दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरांत. १९६० साली मद्रासेत सुरू झालेल्या टॅफे या ट्रॅक्टर कंपनीमुळे हे घराणं आपल्याकडे चांगलंच रुजलं. यात एक शाफ्ट पोकळ असतो आणि त्याच्या आतून दुसरा जातो. एक चाकांसाठी, एक पीटीओसाठी, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्यासाठी. त्यामुळे सीलंही दोन : एक पोकळ शाफ्टाच्या बाहेरून, हाउसिंगमध्ये बसणारं, आणि दुसरं दोन शाफ्टांच्या मधलं. गळतं बहुधा बाहेरचं, आणि मग हमखास प्रश्न येतो, की आतलं चांगलं आहे तर त्याला हात का लावायचा? प्रश्नात तथ्य आहे. दोन्ही क्लच धरलेले असताना दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरतात, म्हणजे आतल्या सीलच्या ओठाखाली घासणं जवळजवळ होतच नाही. पेडल दाबलेलं असतं तेवढ्यापुरतंच होतं. बाहेरच्या सीलखाली मात्र शाफ्ट इंजिनच्या वेगानं सतत फिरत असतो. पण रबर फक्त घासून मरत नाही. नायट्राइल रबर उष्णतेनं आणि वयानं कडक होतं, आणि उष्णता दोघांनाही सारखीच लागलेली असते. कडक झालेला ओठ शाफ्टाच्या बारीक थरथरीबरोबर हलत नाही, आणि फटीतून तेल सुटतं. आतलं सील वाचवून जे वाचतं ते त्या सीलच्या किमतीइतकंच.

यावर मालकांचा संशय असा, की हे मेकॅनिकच्या फायद्याचं तत्त्वज्ञान आहे. एकदा उघडलं की सगळंच बदलायला सांगतात. सांगतात खरं, आणि तेही मला मान्य नाही. क्लच प्लेटची जाडी मोजता येते, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग पाहता येतो, प्रेशर प्लेटच्या बोटांची उंची तपासता येते. जे मापात आहे ते राहू द्यावं. सीलचं आणि बेअरिंगचं उरलेलं आयुष्य मात्र कुठल्याच मापात येत नाही, म्हणून पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग आणि दोन्ही सीलं बदलावीत. पायलट बेअरिंग ढिलं असेल तर शाफ्टाचं टोक डुलतं आणि त्याचा मार सीललाच बसतो. शाफ्टावरून नखही फिरवावं. ओठाखाली खाच पडलेली लागली तर नवं सील त्याच खाचेत बसवण्यात अर्थ नाही. जागा असेल तर ते मिलिमीटरभर पुढेमागे बसवावं, नाहीतर शाफ्टावर पातळ स्लीव्ह चढवावी.

गळतीचं तेल लागलेली क्लच प्लेट पेट्रोलनं धुऊन काम भागतं, असंही ऐकू येतं. काही दिवस भागतं. लायनिंगनं आत शोषलेलं तेल गरम झालं की पुन्हा वर येतं आणि ट्रॉली चढाला लागली की क्लच घसरतो. दाट तेल घालण्याचा सल्ला तर त्याहून वाईट, कारण या ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंप त्याच तेलावर चालतो. हंगामाचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. थेंब सावकाश पडत असेल, क्लच घसरत नसेल आणि पेरणी तोंडावर असेल, तर तेलाची पातळी रोज पाहत काम उरकावं आणि नंतर उघडावं.

सगळ्यात कमी लक्ष जातं ते परत जोडताना. ओठ तेलाकडे तोंड करून बसवायचा, त्याला आधी तेल लावायचं आणि स्प्लाइनवर चिकटपट्टी गुंडाळायची, नाहीतर धारदार दातांवरून सरकतानाच ओठ कापला जातो. पुढच्या धुऱ्यात दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर हवी, म्हणजे इंजिन कलंडत नाही. प्लेटा डमी शाफ्टनं मधोमध धरलेल्या असाव्यात. तरीही शेवटचं बोटभर अंतर हातानं मिटत नसेल, तर बोल्ट आवळून ओढू नये. फ्लायव्हील थोडं फिरवून दात जुळवावेत. ओढलं तर गिअरबॉक्सचं वजन शाफ्टावर लोंबतं, प्लेटचा हब वाकतो, आणि काही दिवसांनी पिनेवर पुन्हा थेंब दिसला की दोष नव्या सीलच्या माथी जातो.