बीज, क्षेत्र आणि शाळेची डायरी

घाटकोपरच्या भटवाडीत किंवा असल्फ्यात एखाद्या घरात नवरा-बायकोचं फाटलं की समुपदेशकासमोर बहुधा आधी आजी बोलते. "पोर आमच्या घराण्याचं आहे. तिला जायचं तर जाऊ दे, नातू इथंच राहील." या बोलण्यात दुष्टपणा शोधणं सोपं आहे, पण त्याने काम पुढे सरकत नाही. हा हक्क आजीच्या तोंडी कुठून आला, याचा नेमका शोध एका मराठी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी घेतला आहे. मुलांच्या ताब्याच्या प्रकरणांत काम करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा, असं प्रस्तुत लेखिकेचं ठाम मत आहे.

त्या बाई म्हणजे लीला दुबे (1923–2012), माहेरच्या अंबर्डेकर. गायिका सुमती मुटाटकर यांच्या भगिनी. गोंड स्त्रियांच्या अभ्यासापासून त्यांचं संशोधन सुरू झालं. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा विषय आहे बीज आणि क्षेत्र. पुरुष बीज देतो, बाई म्हणजे जमीन. तिने नऊ महिने पोटात वाढवलं, दूध पाजलं, रात्री जागवल्या, तरी पीक बीजवाल्याचं. ही कल्पना पोथ्यांपुरती राहिलेली नाही, हे दुबे यांनी दाखवून दिलं. वारसा, जमीन, जात आणि संसार मोडल्यावर मुलं कोणाची, या सगळ्याचा पाया तिच्यात आहे. आई मुलाला वाढवते, पण त्याच्यावर हक्क सांगू शकत नाही.

हेच जगाचं रहाटगाडगं, असं म्हणावं तर त्यांचंच एक पुस्तक आडवं येतं. लक्षद्वीपमधल्या कल्पेनी बेटावरच्या मातृवंशीय मुस्लिम समाजावरचं ते पुस्तक 1969 मध्ये आलं. तिथे तेव्हा नवरा रात्री बायकोच्या घरी यायचा आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परतायचा. मुलं आईच्या 'तरवाडा'ची, म्हणजे मातृवंशीय घराण्याची. तलाक झाला तरी ती जिथली तिथेच राहायची. म्हणजे बापाच्या घराण्याचा हक्क निसर्गाने दिलेला नाही, समाजाने ठरवलेला आहे. आणि जे समाजाने ठरवलं, ते बदलता येतं.

आपला कायदाही या कल्पनेतून पुरता सुटलेला नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने नैसर्गिक पालक म्हणून आधी पित्याला धरलं, त्यानंतर आईला. मात्र पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे ठेवलं. अधिकार त्याचा, संगोपन तिचं! त्याच कायद्याने मुलाचं हित सर्वोच्च मानलं, हेही खरं. 1999 मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पिता हयात असतानाही आई पालक असू शकते, असा अर्थ लावला. 2015 मध्ये विधी आयोगाने 257व्या अहवालात दोघांना समान स्थान द्यावं आणि संयुक्त ताब्याचा विचार व्हावा, अशी शिफारस केली.

समुपदेशकाचं कौशल्य मात्र कलमांपेक्षा प्रश्नांत दिसतं. मूल कोणाचं, असं विचारलं की दोन्ही घराणी बाह्या सरसावतात. म्हणून मुलाच्या दिवसाबद्दल विचारावं. डबा कोण करतं? शाळेच्या डायरीवर सही कोणाची असते? लसीकरणाचं कार्ड कुठल्या कपाटात आहे? ताप चढला की राजावाडी रुग्णालयात घेऊन कोण धावतं? झोपताना कोण लागतं? उत्तरं देताना आवाज आपोआप खाली येतात. कधी सगळं आई करत असते, कधी बाप, आणि पुष्कळदा तीच भांडणारी आजी. दुबे यांची मांडणी आजीच्या विरोधात वापरणं अन्यायाचं ठरेल. तिनेही कोणाच्या तरी घराण्यासाठी जन्मभर कष्ट उपसलेत आणि तिलाही कोणी हक्काचं विचारलेलं नाही. तिच्या भेटीचे वार समझोत्यात स्पष्ट लिहून घ्यावेत.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात तारीख पडण्याआधी घरच्यांनी एक पथ्य पाळावं. समज आलेल्या मुलाची इच्छा न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यातच ती तरतूद आहे. तेव्हा काका-मामांनो, आजी-आजोबांनो, "तुला कोण आवडतं, आई की बाबा?" हा प्रश्न तुम्ही विचारू नका, आणि उत्तर तर मुळीच पढवू नका.