आईच्या तळहातावरच्या तीन गोळ्या

मागच्या वर्षी माझ्या आईचा टीएसएच वाढत होता आणि मी, तिचा डॉक्टर मुलगा, तिच्या गोळीचा डोस वाढवत होतो.

आई पंचाहत्तरीची. गावी एकटी राहते. थायरॉईड कमी असल्यामुळे थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी बारा वर्षांपासून चालू. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी. इतकी वर्षं सगळं सुरळीत होतं. मग एका तपासणीत टीएसएच ९ च्या घरात आला. मी ५० ची ७५ केली. दोन महिन्यांनी पुन्हा ९.४. मग ७५ ची १०० केली. दर वेळी फोनवर विचारायचो, "गोळ्या वेळेवर घेतेस ना?"

"हो रे, एक दिवस चुकत नाही."

त्यात खोटं काहीच नव्हतं.

दिवाळीला घरी गेलो. नरक चतुर्दशीची पहाट, पाच वाजलेले. आईने चहाचा कप पुढ्यात घेतला आणि डबीतून तीन गोळ्या तळहातावर काढल्या. थायरॉईडची बारीक, साखरेची लांबट आणि तिसरी चांगली खडूसारखी मोठी. तिन्ही एकदम तोंडात, वर चहाचे दोन घोट.

"ही मोठी कसली?"

"कॅल्शियमची. गुडघ्याला दाखवलं ना, तेव्हापासून. दुपारी जेवणानंतर सांगितली होती, पण मी विसरते. सकाळीच सगळ्या उरकून टाकते."

माझा टीएसएचचा तिढा तिथेच सुटला. थायरॉक्सिन ही नाजूक गोळी आहे. अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घेतली तरी ती सगळी शोषली जात नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी सोबत असेल तर ते थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर लागतं. चहा-कॉफी आणि दूधही आड येतात, म्हणून गोळीनंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, काही घेऊ नये. चहाबरोबर आई वर्षानुवर्षं घेतच होती आणि डोस त्या सवयीला धरून बसलाही होता. कॅल्शियम आलं आणि गणित बिघडलं. मी मात्र रिपोर्ट बघून आकडे वाढवत राहिलो. रोज चाळीस पेशंटना "अनशापोटी घ्या" असं सांगणारा मी!

पण त्या पहाटेचा खरा धक्का पुढेच होता. अभ्यंगस्नान झालं, देवपूजा झाली. फराळाची ताटं मांडता मांडता साडेआठ वाजले. आई एकाएकी नातीवर खेकसली, जे ती कधीच करत नाही. कपाळावर घाम, हात थरथरत होते. ग्लुकोमीटरवर साखर ५८. लगेच पाण्यात तीन चमचे साखर घालून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली तेव्हा ९६. मग पोटभर खायला दिलं.

"असं होतं कधीकधी," ती म्हणाली. "गुळाचा खडा खाल्ला की बरं वाटतं. तुला कशाला सांगायचं, तू आधीच दमलेला असतोस."

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं. समोर ताट आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून ती गोळी पहिल्या मुख्य खाण्याच्या तोंडाशी घ्यायची असते. नुसतं मेटफॉर्मिन सहसा साखर इतकी खाली नेत नाही. आईची गोळी पहाटे पाचला आणि नाश्ता पूजा आटोपून नऊनंतर. तिचा एचबीएवनसी ६.४ आला होता, तेव्हा मी शाबासकी दिली होती. त्या सुंदर आकड्यात गुळाचे किती खडे दडले होते, ते मला कुठे ठाऊक! खरं तर या वयात आकडा थोडा वर असलेला परवडतो, साखर घसरून पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं परवडत नाही.

वेळा बदलल्या. आता सगळं जागेवर येईल असं मला वाटलं, आणि इथे मी दुसऱ्यांदा चुकलो. पाचव्या आठवड्यात तिचा फोन आला. "छाती धडधडते, झोप नाही." १०० मायक्रोग्रॅमचा डोस मी शोषल्या न जाणाऱ्या गोळीसाठी वाढवला होता. आता ती नीट शोषली जात होती. टीएसएच ०.०८. या वयात थायरॉक्सिन जास्त झालं तर हृदयाची लय बिघडू शकते, हाडं ठिसूळ होतात. थायरॉईडच्या या उसळीत साखरही चढली होती. गोळी घ्यायची पद्धत सुधारली की डोसही पुन्हा तपासावा लागतो, हे पुस्तकात मी वाचलेलं होतंच.

ईसीजी सुदैवाने ठीक निघाला. त्या दिवशी मी तिला तिथल्याच एका ज्येष्ठ फिजिशियनकडे घेऊन गेलो आणि सांगितलं, आजपासून मी फक्त मुलगा. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय तोंडात घातलंत, ते क्रमाने सांगा." आईला सांगायला दहा मिनिटं लागली. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. ग्लिमेपिराइड बंद झालं, मेटफॉर्मिन जेवणानंतर. बरीच वर्षं ते चालू असल्यामुळे बी-१२ तपासलं, तेही कमीच निघालं. थायरॉक्सिन पुन्हा ५० वर. थायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच आठवडाभर लागतो, त्यामुळे डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून तपासणी केली. टीएसएच ४.१. पंचाहत्तरीत उत्तम.

आता थायरॉईडची बाटली तिच्या उशाशी असते, शेजारी पाण्याचा तांब्या. पाचला गोळी, मग सडा-रांगोळी, चहा सहानंतर. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, ताटाजवळच ठेवलेलं.

परवा फोन आला. "शेजारच्या काकूंना रक्तवाढीची लोहाची गोळी दिलीय. थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेतात त्या. चालतं का रे?"

"नाही, चार तासांचं अंतर हवं."

"तेच सांगितलं मी त्यांना," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.